'आयम नॉट इन लव्ह': तो 48 गळ्यांचा 'आ' आणि कव्हर करणाऱ्यांची पंचाईत

मंद्रसप्तक

टेनसीसी या इंग्लिश चौकडीचं 'आयम नॉट इन लव्ह' हे 1975 चं गाणं. ब्रिटनमध्ये जूनअखेरीपासून दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि अमेरिकेत तीन आठवडे दुसऱ्या. तिथे ते तिन्ही आठवडे वर बसलेलं गाणं दर वेळी वेगळं होतं, म्हणजे तीनदा दारापर्यंत जाऊन परत आलं. बऱ्याच जणांना ते 2014 च्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'च्या सुरुवातीला, इस्पितळातल्या मुलाच्या वॉकमनवर भेटलं असेल.

या गाण्याची कव्हर्स, म्हणजे इतरांनी पुन्हा गायलेल्या आवृत्त्या, खूप झाली. विल टू पॉवरचं 1990 चं कव्हर अमेरिकेत 7व्या क्रमांकापर्यंत गेलं. प्रिटेंडर्सनी 1993 मध्ये एका चित्रपटासाठी गायलं. टोरी एमॉसने 2001 मध्ये आणि डायना क्रॉलने 2015 मध्ये आपापल्या अल्बममध्ये घेतलं. चाल तीच, शब्द तेच, पण मूळ गाण्यात मागे जो ढगासारखा 'आ' पसरलेला आहे तो कुठेच तसा येत नाही. माझं म्हणणं असं की तो 'आ' म्हणजे साथ नव्हेच, ते अर्धं गाणं आहे, आणि म्हणून कव्हर करताना तो गाळलात किंवा कीबोर्डवर उरकलात तर हातात फक्त एक बरी चाल उरते.

दोन प्रश्न. तो आवाज नेमका कसा बनवला? आणि आज तीन गाणारे आणि एक लॅपटॉप एवढ्यावर तो उभा करता येईल का?

निशिगंध_78

कीबोर्डवर 'क्वायर पॅड' (समूहगानाचा तयार आवाज) लावा, वर भरपूर रिव्हर्ब (घुमारा) द्या. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही.

टेपवाला

कळतो. का कळतो ते सांगण्यासाठी मुळापासून जावं लागेल, जरा लांबेल.

गाणं एरिक स्टुअर्ट आणि ग्रॅहम गोल्डमन यांनी लिहिलं. पहिल्यांदा ते बोसा नोव्हाच्या ठेक्यात ध्वनिमुद्रित झालं. चौघांपैकी केव्हिन गॉडली आणि लोल क्रीम या दोघांना ते अजिबात पटलं नाही, आणि ती टेप पुसून टाकली गेली. पण स्टुडिओतली माणसं ती चाल गुणगुणत राहिली, म्हणून पुन्हा विचार सुरू झाला. तेव्हा गॉडलीने सुचवलं की वाद्यं जवळजवळ काढून टाकू आणि सगळं गाणं आवाजांच्या भिंतीवर उभं करू.

स्टुडिओ त्यांचा घरचाच, मँचेस्टरच्या दक्षिणेला स्टॉकपोर्टमधला स्ट्रॉबेरी. हे महत्त्वाचं आहे. तासावर भाडं मोजणाऱ्या कुणालाही एका 'आ'साठी तीन आठवडे परवडले नसते.

पद्धत अशी. गोल्डमन, गॉडली आणि क्रीम हे तिघे एक सूर धरून 'आ' लावायचे. ध्वनिमिश्रणाच्या डेस्कवर स्टुअर्ट. यंत्र 16 ट्रॅकचं, म्हणून तोच सूर 16 वेळा, दर वेळी नव्या ट्रॅकवर. तीन गळे गुणिले 16 म्हणजे एका सुराला 48 आवाज. मग ते 16 ट्रॅक एकत्र करून स्टीरिओ टेपवर उतरवायचे आणि पुढच्या अर्ध्या सुराकडे जायचं. असं करत सप्तकातले सगळे कोमल-तीव्र धरून सूर भरले.

आता अडचण अशी की माणसाचा दम संपतो आणि गाणं सहा मिनिटांचं. इथे क्रीमने लूपची कल्पना काढली. प्रत्येक सुराच्या टेपचा सुमारे 12 फुटांचा तुकडा कापून त्याची टोकं जोडली की ती टेप गोल फिरत राहते. एवढा मोठा फेरा यंत्रावर मावत नाही, म्हणून एक बाजू यंत्राच्या टेप वाचणाऱ्या हेडवरून आणि दुसरी बाजू मायक्रोफोनच्या स्टँडच्या डोक्यावर बसवलेल्या चाकावरून नेली. स्टँड पुढे-मागे सरकवून ताण जमवायचा. ताण कमी पडला की टेप हेडपासून सुटते आणि आवाज मंद, घोगरा होतो. जास्त झाला की टेपची चाल लडखडते आणि सूर डुलायला लागतो.

कोमल_रे

12 फूटच का? 2 फुटांचा लूप यंत्राजवळच मावला असता की.

टेपवाला

@कोमल_रे, जोडामुळे. टेप कितीही तिरकी आणि सफाईने कापली तरी जोड हेडवरून जाताना बारीकसा ठोका ऐकू येतो. टेप सेकंदाला 15 इंच धावत असेल तर 12 फुटांचा, म्हणजे 144 इंचांचा लूप 9.6 सेकंदांनी परत येतो. 30 इंचांनी धावत असेल तर 4.8 सेकंदांनी. 2 फुटांचा लूप 15 इंचांच्या वेगाने दर 1.6 सेकंदाला ठोका देईल आणि कान लगेच तो ठेका पकडेल. जोड दूर दूर असले आणि वेगवेगळ्या सुरांचे जोड एकाच क्षणी आले नाहीत, तर बाकीच्या आवाजांत ते बुडून जातात.

पांढरी_चार

एकूण आवाज किती याबद्दल मतभेद आहेत. बऱ्याच ठिकाणी 256 लिहिलेलं असतं.

हिशेबनीस

256 म्हणजे 16 गुणिले 16, आणि वर दिलेल्या पद्धतीत तो गुणाकार कुठेच बसत नाही. एका सुराला 48 आणि वरच्या षड्जासकट 13 सूर धरले तर 624. बारा धरले तर 576. स्टुअर्टच्या वर्णनाशी 624 जुळतो. गाण्याच्या फेऱ्या मात्र 208 च, कारण तिघे एकत्र गात होते. 208 वेळा तोच निर्विकार 'आ', न हलवता, न फुलवता. ही शिस्त आधी मोजा, मग यंत्राचं कौतुक.

निशिगंध_78

तरीही पॅड का चालत नाही ते कळलं नाही.

टेपवाला

सांगतो, पण आधी तो वाजवला कसा ते राहिलंय. प्रत्येक सुराचा लूप डेस्कच्या स्वतंत्र चॅनलवर आला. म्हणजे डेस्क हीच पेटी झाली, पट्टीऐवजी फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा सरकता दांडा. चौघेही डेस्कभोवती उभे राहिले, प्रत्येकाकडे थोडे फेडर, आणि गाणं चालू असताना तीन-चार सूर वर सारून स्वरसंगती बनवायची, बाकीचे खाली घ्यायचे. फेडरच्या तळाशी चिकटपट्टी लावलेली होती, त्यामुळे कुठलाही फेडर पार शून्याला जात नव्हता. सगळे बारा सूर गाणंभर अगदी हलके घुमत राहतात.

मंद्रसप्तक

म्हणजे तानपुऱ्यासारखं.

गांधारी

तानपुऱ्यासारखं नाही, @मंद्रसप्तक. तानपुरा षड्ज-पंचम देतो आणि त्यातून बाकीचे सूर झिरपतात, सगळे त्याच्याच नात्यातले. इथे बाराही सूर एकत्र, म्हणजे खरं तर कलकलाट व्हायला हवा. होत नाही याचं कारण पातळी. वर आलेल्या तीन-चार सुरांपुढे उरलेले इतके खाली आहेत की ते सूर म्हणून ऐकूच येत नाहीत, खोलीतल्या हवेसारखे लागतात. गाणं सुरू व्हायच्या आधी आणि ओळींच्या मधल्या जागांत हेडफोनवर ऐका, तो श्वास सापडेल.

आणि पॅडबद्दल. पॅडमध्ये पट्टी दाबली की सूर सुरू होतो आणि सोडली की संपतो. प्रत्येक संगतीला आरंभ असतो. इथे कुठल्याच सुराला आरंभ नाही. सगळे आधीपासून चालूच आहेत, फक्त कोण पुढे येतो आणि कोण मागे जातो एवढंच बदलतं. मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या कीबोर्डमध्येसुद्धा हे जमलं नसतं. त्यात प्रत्येक पट्टीखाली टेपची पट्टी असते खरी, पण ती साधारण 8 सेकंदांत संपते आणि पुन्हा मागे जावी लागते.

पांढरी_चार

@गांधारी, अगदी बरोबर, आणि याचं उदाहरण पहिल्याच ओळीत आहे. ओळ ए मेजरवर सुरू होते आणि तिथून ए मायनरवर जाते. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर पांढरी सहा (ए) आणि पांढरी तीन (ई) जागच्या जागी राहतात. काळी एकचा (सी शार्प) फेडर खाली येतो, पांढरी एकचा (सी) वर जातो. अख्ख्या संगतीत दोन बोटांची हालचाल, आणि गंधार शुद्धाचा कोमल होतो. ती जी पोटात कालवाकालव होते ना, ती या अर्ध्या सुरामुळे.

गांधारी

गंधार म्हणू नका. गाण्याचा षड्ज पांढरी तीन आहे. त्या षड्जापासून मोजलं तर काळी एक म्हणजे शुद्ध धैवत आणि पांढरी एक म्हणजे कोमल धैवत. तुम्ही त्या संगतीचा पाया षड्ज धरलात म्हणून गंधार दिसला.

पांढरी_चार

मान्य. शुद्ध धैवताचा कोमल धैवत. आता तर आणखीच पटलं, कारण मेजरच्या घरात कोमल धैवत हा परकाच सूर.

हिशेबनीस

एक बारीक गोष्ट सुटतेय. सूर तेराच, म्हणजे एकच सप्तक. त्यामुळे कुठलीही संगती असली तरी ती त्या एका सप्तकात घडी करून बसवावी लागते. पियानोवर हात उडी मारून दुसरीकडे जातो, इथे उडीला जागाच नाही. समाईक सूर आपोआप तसेच राहतात, बाकीचे शेजारी सरकतात. सुगम संगीतात कोरस लिहिणारे हे मुद्दाम साधतात, इथे यंत्राच्या मर्यादेने साधून दिलं.

अवलिया_ठाणे

शब्दांबद्दल कुणीच बोलत नाही! 'मी प्रेमात नाही' असं सांगणारा माणूस तिचा फोटो भिंतीवर ठेवतो आणि कारण देतो की मागचा डाग झाकायला ठेवलाय. बायकोने स्टुअर्टला विचारलं होतं की तू 'प्रेम आहे' असं फारसं म्हणत का नाहीस. त्यातून हे सुचलं. ते शब्द दिवसभर म्हणत राहिलं की त्यातला अर्थ झिजतो असं त्याचं मत, म्हणून मग न म्हणता कसं म्हणायचं याचा शोध.

मंद्रसप्तक

@अवलिया_ठाणे, हेच मला म्हणायचं होतं आणि नीट मांडता आलं नाही. शब्द 'नाही' म्हणतात आणि मागचे 48 गळे 'आहे' म्हणतात. कोरस काढलात तर खोटं बोलणारा माणूस उरतो, खरं सांगणारं कुणी उरत नाही.

कोमल_रे

मग टोरी एमॉसचं कव्हर? तिने ते सगळं काढूनच टाकलंय, आणि तरी अंगावर काटा येतो.

गांधारी

कारण तिने गाणं दुसऱ्या माणसाच्या तोंडी दिलं. तो अख्खा अल्बम पुरुषांनी लिहिलेली गाणी स्त्रीच्या बाजूने गाण्याचा आहे. मागे मोकळी जागा, आवाज कानाजवळ. तिथे 'मी प्रेमात नाही' हे खरंच थंड लागतं, धमकीसारखं. ऊब काढायची ठरवून काढली. हे प्रामाणिक कव्हर. क्रॉलने तंतुवाद्यं आणून सगळं मऊ केलं. सुरेख वाजवलंय, पण तंतुवाद्यं श्वास घेतात, गज फिरतो, वाक्य संपतं. मूळच्या त्या न संपणाऱ्या हवेऐवजी नीट विरामचिन्हं आली.

निशिगंध_78

विल टू पॉवरचं मला आवडतं. सगळ्यांनी एवढं नाक मुरडायचं कारण नाही. नाचता येईल असा ठेका आहे, चाल स्वच्छ कळते.

अवलिया_ठाणे

नाक कुणी मुरडलं नाही. पण ठेक्याचा मुद्दा चांगला निघाला. मूळ गाण्यात नेहमीचा ड्रमसेट नाही. जो मंद धपका ऐकू येतो तो गॉडलीने मूग सिंथेसायझरवर वाजवलेला, काळजाच्या ठोक्यासारखा. सोबत गोल्डमनची गिटार आणि स्टुअर्टचा ऱ्होड्स इलेक्ट्रिक पियानो. स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा ड्रम) आणला की कान दर दुसऱ्या मात्रेवर जातो आणि मागचा 'आ' सजावट होऊन बसतो. ज्यांना कोरस ठेवायचाय त्यांनी आधी ड्रमरला सुट्टी द्यावी.

पांढरी_चार

मधल्या भागात खेळण्यातल्या म्युझिक बॉक्सचाही आवाज आहे, आणि ती कुजबुज. स्टुडिओतली सेक्रेटरी कॅथी रेडफर्न फोन आल्याचं सांगायला दबक्या आवाजात आत आली आणि क्रीमला तोच आवाज हवासा वाटला. मोठी मुलं रडत नाहीत, गप्प राहा, एवढंच ती म्हणते. 'नाही नाही' म्हणणाऱ्या माणसाला कुणीतरी ओळखलंय हे तिथे कळतं. गायिका नव्हती म्हणूनच ते साधलं. कव्हरमध्ये तिथे कसलेली गायिका घेतली की ती ओळ 'सादर' होते.

टेपवाला

आता मंद्रसप्तक यांचा दुसरा प्रश्न, लॅपटॉपवर कसं करायचं. होतं, पण आळस केला तर लगेच उघडं पडतं.

आधी संगती लिहून काढा आणि खरोखर किती सूर लागतात ते बघा. तुमच्या मांडणीत नऊ-दहांत भागत असेल तर बाकीचे गाऊ नका. तिघांनी एका माइकभोवती अर्धवर्तुळात, साधारण दोन-अडीच फुटांवर उभं राहा. कानात पेटीचा किंवा ट्यूनरचा एकच सूर, आधी रेकॉर्ड केलेले आवाज नकोत, नाहीतर जो थोडा खाली उतरला त्याच्याबरोबर सगळे उतरतात. आकार उघडा, कंप नाही, गमक तर नाहीच. प्रत्येक फेरी 12 ते 14 सेकंद. सुरुवातीचे दीड-दोन सेकंद आणि शेवटचे दोन सेकंद कापून टाका, कारण सुराची चढण आणि दम संपतानाची घसरण तिथेच असते. दर चार फेऱ्यांनंतर जागा बदला. थकवा आला की सूर खाली जातो, म्हणून एका बैठकीत तीन सुरांच्या वर जाऊ नका. वरचे सूर आधी घ्या.

मग लूप. प्रत्येक सुराचा लूप वेगळ्या लांबीचा ठेवा, 8.3, 9.1, 9.8 सेकंद असं काहीही, पण सारखं नको. जोडाला दीड-दोन सेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज उतरताना दुसरा चढवणं. तो सरळ रेषेचा घेतलात तर मध्यावर आवाज 3 डेसिबलने खचतो आणि दर लूपला ढग आत ओढल्यासारखा वाटतो. दोन्ही बाजूंचे आवाज एकमेकांशी न जुळणारे असतात, म्हणून समान शक्तीचा, म्हणजे फुगीर वक्राचा क्रॉसफेड घ्या.

कोमल_रे

एकच फेरी 16 वेळा चिकटवली तर? तीन आठवडे वाचतील.

हिशेबनीस

त्याने फक्त आवाज मोठा होतो. हुबेहूब 16 प्रती म्हणजे 24 डेसिबल वाढ आणि ऐकायला तेच तीन गळे. वेगवेगळ्या 16 फेऱ्या म्हणजे साधारण 12 डेसिबल वाढ, पण मिळतो तो समुदाय. प्रती थोड्या मागेपुढे सरकवल्या तर आवाजातली काही कंपनं एकमेकांना खातात आणि डब्यात तोंड घालून गायल्यासारखं होतं.

टेपवाला

+1. आणि सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर पूर्ण ताकदीने लावू नका. सगळ्या फेऱ्या एका रेषेत आणल्या की 48 माणसांचा ऑर्गन होतो. अर्ध्या सुराचा दहावा भाग इकडे-तिकडे राहिला तर चालतो, उलट तोच हवा आहे. त्याहून बाहेर गेलेली फेरी सुधारू नका, टाकून द्या आणि पुन्हा गा.

निशिगंध_78

रिव्हर्ब तरी लावू ना?

टेपवाला

लावा, थोडा, आणि सगळ्यात शेवटी. 48 गळ्यांची स्वतःचीच खोली तयार झालेली असते. आधीच ओतलात तर क्रॉसफेडमधल्या चुका झाकल्या जातात आणि स्टेजवर मोठ्या स्पीकरवर बाहेर येतात. तळाचा 120 हर्ट्झच्या खालचा भाग कापा, तिथे फक्त माइकच्या स्टँडचा आणि पायांचा गडगडाट असतो.

मंद्रसप्तक

आणि कार्यक्रमात वाजवायचं कसं? आठ फेडरचा छोटा कंट्रोलर आहे, सूर दहा.

पांढरी_चार

दोन कंट्रोलर, दोन माणसं. एकाने सगळे सांभाळायचे ठरवलं तर संगती बदलताना हात अपुरे पडतात आणि मग फेडर झटक्याने हलतात. मूळ चौघांनी मिळून केलं ते उगाच नाही. वाटणी पट्टीप्रमाणे करू नका, हालचालीप्रमाणे करा. काळी एक आणि पांढरी एक एकाच माणसाकडे हव्यात, कारण एक उतरताना दुसरी चढते आणि ते एकाच हाताचं काम आहे.

गांधारी

सॉफ्टवेअरमध्ये फेडरचा तळ बांधून घ्या. वरच्या पातळीपेक्षा 35 ते 40 डेसिबल खाली, शून्य नाही. चिकटपट्टीचं काम तेच. सभागृह घुमणारं असेल तर 45. आणि संगती मात्रेवर बदलू नका, अर्धी मात्रा आधीपासून सारायला लागा म्हणजे मात्रेवर ती पोचलेली असते. फेडरला आरंभ नसतो, त्यामुळे मात्रेवर हलवलात की नेहमी उशीर झाल्यासारखं वाटतं. पेटी वाजवणाऱ्यांची ही सवय मोडायला दोन तालमी जातात.

अवलिया_ठाणे

मुख्य गायकाला एवढंच सांगा की करुण गाऊ नकोस. दुःख मागे चालू आहे. त्याने पत्ता सांगितल्यासारखं गायचं.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे आभार. गाण्याची मांडणी लिहून काढली, नऊ सूर पुरतायत. 9 गुणिले 16, म्हणजे 144 फेऱ्या. पट्टी मात्र दीड सूर खाली आणावी लागणार, गायिकेच्या गळ्यासाठी. म्हणजे षड्ज काळी एक.

हिशेबनीस

मग फेडरवर नवीन नावं चिकटवायला विसरू नका. तुमच्या पहिल्या ओळीत आता काळी पाच खाली जाईल आणि पांढरी सहा वर येईल.